यादव रजेवर आहे

बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाच्या जकात नाक्यावर देवराम चौधरी कारकून होता. नाक्यावरच्या माणसाबद्दल गावात सहसा कोणी चांगलं बोलत नाही, पण देवरामबद्दल बोलत. बहादरपूरकडून कापसाची गाडी आली की तो आधी गाडीवानाला म्हणे, "बैलांना पाणी दाखव. पावती कुठं पळून चालली?" अंगात बाराही महिने काळा कोट. वैशाखात घामाच्या धारा लागल्या तरी कोट उतरत नसे. गाडीवान आपसांत म्हणत, "मॅट्रिक पास आहे ना भो! कोट काढला तर लोकांना कळेल कसं?"

वर्षातून एक दिवस मात्र त्या कोटाला इस्त्री होई. वसंतपंचमीला.

त्या दिवशी हायस्कुलाच्या मोठ्या खोलीत जुन्या विद्यार्थ्यांचं मंडळ भरे. आधी सरस्वतीची पूजा, मग सत्कार. मंडळातला कोणी नायब तहसीलदार झालेला असे, कोणाचं जिनिंग सुरू झालेलं असे, कोणाच्या मुलाला नागपुरात पदक मिळालेलं असे. त्याला श्रीफळ आणि बुऱ्हाणपुरी कलाबतूच्या जरकाठाचं उपरणं. उपरणं घेणारा "मी कसला, मी कसला" म्हणे आणि खांदा पुढे करी. पण लोक खरे जमत ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी, हजेरीसाठी. शाळेचे जुने हजेरीपट काढले जात आणि तुकडीमागून तुकडी नावं पुकारली जात. टक्कल पडलेले, सोटा टेकत आलेले, सून-जावईवाले लोक पोरांसारखे ताठ उभे राहून म्हणत, "हजर!"

मंडळाचा एक नेम होता. तुकडीतला कोणी वारला असेल, तर त्याचं नाव वगळत नसत. ते पुकारलं की त्याच्या बरोबरीचा एक जण उठे आणि त्याच्या जागी "हजर" म्हणे. हे तोंडदेखलं नव्हतं. जो "हजर" म्हणाला, तो त्या घरच्या पोरांचा बाप. अर्जावर सही त्याची, आणि पुस्तकं, फी, परगावचं राहणं मंडळाचं. अशी कितीतरी पोरं शिकून रेल्वेत, दवाखान्यात, शाळांत लागली होती. सभासद जिवंत असेल तर त्याच्या पोराच्या अर्जावर सही त्याचीच लागे. कोणी कोणाच्या नावावर मदत लाटू नये म्हणून हा कडक कायदा.

देवरामच्या तुकडीत अकरा जण. त्यात सातवं नाव यादव विसपुते.

१९१८च्या वसंतपंचमीला हे नाव पुकारलं गेलं आणि कोणीच उठलं नाही. यादव दीड वर्षापूर्वी समुद्रापार इराकात बसऱ्याला गेला होता, तिथल्या लढाईत इंग्रज फौजेला माल पुरवणाऱ्या एका ठेकेदाराकडे कारकून म्हणून. भाद्रपदापर्यंत पत्रं आली, मग थांबली. विचारपूस केली तर उत्तर आलं की या नावाचा माणूस सापडत नाही. मेला असं कोणी लिहिलं नाही, आहे असंही नाही.

"यादव विसपुते?" चिटणीस सुधाकर वकिलांनी पुन्हा विचारलं.

देवराम उठला. "रजेवर आहे," म्हणाला.

कोणीतरी हसलं, आणि त्या हसण्यानं सगळ्यांनाच बरं वाटलं. सुधाकरांनीही हसत लेखणी बुडवली आणि यादवच्या नावापुढे "रजा" लिहिलं.

पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. तेरा वर्षं देवराम उठला आणि "रजेवर आहे" म्हणाला. हळूहळू लोक हसायचे थांबले. नवे सभासद विचारत, "हे रजेवर कोण?" जुने म्हणत, "गप. ते तसंच आहे."

*

रजेचा शब्द मुळात यादवचा.

बसऱ्याला तो आणि देवराम दोघं जाणार होते. दोघांचे इंग्रजी अर्ज देवरामनंच लिहिले होते, त्याचं अक्षर मोत्यासारखं. यादवला घरच्या धंद्यातून सुटायचं होतं. त्याचा थोरला भाऊ निंबा दिवसभर पोलादी पट्टीच्या भोकांतून कलाबतूसाठी चांदीची तार ओढत बसे, आणि यादव म्हणे, "एका भोकातून दुसऱ्या भोकात! माझा जन्म पण असाच बारीक होत जाणार रे. चल, समुद्र बघू."

देवराम समुद्राला भिई. पण मित्रापुढे नाही कसं म्हणायचं?

निघायच्या दिवशी सकाळी तो गोधडी घेऊन पडला. अंग तापलेलं. आई धुरपदाबाई डोक्यावर ओल्या घड्या ठेवत होती. गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनाला जायला यादव टांगा घेऊन दाराशी आला. आत येऊन बसला, देवरामच्या कपाळाला हात लावला, आणि खाली वाकून हुंगलं. काखेत कांदा ठेवला की अंग तापतं, ही युक्ती यादवनंच त्याला पाचवीत शिकवली होती. गणिताच्या परीक्षेसाठी.

यादवनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा गोधडीकडे. त्याचे ओठ हसले.

"बराच ताप आहे, मावशी," तो म्हणाला. "पडू दे याला. मी ठेकेदाराला सांगतो, देवराम रजेवर आहे." आणि उठताना हलकेच पुटपुटला, "दुसरा तरी कांदा घ्यायचा रे. हा सडका आहे."

टांग्याची घुंगरं गल्लीच्या टोकाला गेली तोवर देवराम डोळे मिटून पडला होता. पुढे ज्यानं त्यानं धुरपदाबाईला सांगितलं, पोर वाचलं बघ, देवानंच ताप धाडला. ती माऊली दर वर्षी त्या तारखेला देवाला नारळ फोडी, आणि देवराम तो प्रसाद खाई.

*

१९३१ साल उजाडलं तेव्हा यादवची मुलगी उषा सोळाव्या वर्षात होती. बाप गेला तेव्हा ती रांगत होती. सातवीची परीक्षा ती जिल्ह्यात वरच्या नंबरानं पास झाली होती आणि तिला मास्तरीण व्हायचं होतं. नागपूरकडे मुलींचं नॉर्मल स्कूल होतं, तिथं दोन वर्षं राहून शिकायचं.

पौषातल्या एका दुपारी यादवची बायको कोकिळा नाक्यावर आली. डोक्यावरून पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. बाई माणूस नाक्यावर येत नसे. गाडीवान आपोआप दोन पावलं मागे सरले.

"वहिनी? इथं? निरोप धाडायचा होता, मीच आलो असतो."

"तुम्ही आले असते, भाऊजी. चहा घेतला असता, उषाचं कौतुक केलं असतं, नि गेले असते. तेरा वर्षं तेच चाललंय."

देवरामनं लेखणी खाली ठेवली.

"अर्ज घेऊन गेले होते सुधाकर वकिलांकडे," कोकिळा म्हणाली. "ते म्हणाले, बापाची सही आणा. मी म्हटलं, कुठून आणू? ते म्हणाले, बाई, आमच्या पटावर यादवराव रजेवर आहेत. रजेवरचा माणूस सही करू शकतो."

"निंबाभाऊची सही चालत नाही?"

"चुलत्याची नाही चालत. आणि ते करणारही नाहीत. त्यांनी धूलकोटचं स्थळ काढलंय. किराणा दुकान आहे, बिजवर आहे, हुंडा नको म्हणतो. मला म्हणतात, पोरीच्या जातीला नागपूर कशाला दाखवायचं?"

एक गाडी येऊन थांबली. देवरामनं हातानंच गाडीवानाला थांब म्हटलं.

"भाऊजी, या वसंतपंचमीला तुम्ही त्यांच्या नावानं हजर म्हणा."

त्यानं तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. "वहिनी, त्याचा अर्थ..."

"मला कळतो अर्थ. मी काय तान्ही आहे? सगळं गाव बसलेलं असणार. संध्याकाळी जावा नि सासू येतील, माझ्या बांगड्या उतरवतील. उतरवू दे. कपाळ माझं आहे, शाळा पोरीची आहे."

"पण तो खरंच... उद्या आला तर?"

"आले तर मी कुंकू परत लावीन, नि तुमच्या मंडळाला पेढे वाटीन." ती हसली, पण हसू ओठांवरच राहिलं. "सहा वर्षं मी वाट पाहिली, भाऊजी. पुढची सहा सवय म्हणून. आता मला दाराकडे बघायचासुद्धा कंटाळा आलाय. हे कोणाला सांगू? सवाशिणीनं असं बोलायचं नसतं. तुम्हाला सांगते."

देवरामनं लेखणी पुन्हा उचलली. तिनं विचारलं, "म्हणाल ना?"

"म्हणतो," तो म्हणाला.

"दुसरं कोणी म्हणालं तर सहन नाही होणार मला. तुमच्या तोंडून चालेल."

ती गेल्यावर थांबलेला गाडीवान पुढे आला. "मुन्शीजी, पावती?" देवरामनं पावती फाडली, त्यावर तारीख घातली, आणि गाडी कशाची आहे ते लिहायचं राहून गेलं.

*

वसंतपंचमीच्या सकाळी त्यानं कोट घातला. वाटभर तोंडातल्या तोंडात तो एकच शब्द घोळवत होता, नाटकातला प्यादा आपलं एकुलतं वाक्य घोळवतो तसा. हजर. हजर. हजर.

शाळेच्या खोलीत पिवळी फुलं, अगरबत्ती, सतरंज्या. बाजूच्या वर्गात बायकांची सोय, मधल्या दाराला पडदा. पडद्याखालून पावलं दिसत होती. त्यांत उषाची कोणती हे देवरामला ओळखू आलं, कारण तेवढीच सारखी हलत होती.

सत्कार झाले. एका सभासदाला रावसाहेबकी मिळाली होती. त्यांचं भाषण इतकं लांबलं की मागून कोणीतरी म्हणालं, "रावसाहेब, हजेरी संध्याकाळची घ्यायची का?" हशा पिकला. देवरामही हसला.

मग पट उघडला. नावं पुकारली जाऊ लागली. देवरामच्या तुकडीतली पहिली सहा झाली. दोघांच्या नावानं दुसऱ्यांनी "हजर" म्हटलं.

"यादव विसपुते?"

देवराम उठला. पडद्याखालची पावलं हलायची थांबली. त्यानं तोंड उघडलं.

"रजेवर आहे."

शब्द त्याच्याच कानावर आला तेव्हा त्याला कळलं. तेरा वर्षं त्या नावामागे तोच शब्द आला होता, आणि जीभ आपल्या वाटेनं निघून गेली होती.

सुधाकरांनी मान वर केली. त्यांना अर्जाची हकीकत ठाऊक होती. लेखणी दौतीत बुडवून त्यांनी ती तशीच धरली. "देवरामजी," ते सावकाश म्हणाले, "रजा लिहू?"

चुकलो, म्हणायचं. जीभ घसरली, वकीलसाहेब, हजर लिहा. एवढंच. सगळी खोली वाट पाहत होती, कोणीही हसलं नसतं. देवरामच्या डोळ्यांपुढे दाराशी उभा असलेला टांगा आला. हजर म्हटलं की तो टांगा कायमचा गेला. मग यादव समुद्रापार कुठंतरी मातीत, आणि आपण गोधडीखाली, काखेत कांदा धरून.

"देवरामजी?"

त्यानं मान डोलावली. हो. रजा.

लेखणी कागदावर कुरकुरली. एकदा शाईनं लिहिलेली हजेरी पुढच्या वसंतपंचमीपर्यंत बदलत नसत, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. आठवं नाव देवरामचंच होतं. ते पुकारलं गेलं.

"हजर," तो म्हणाला. स्पष्ट, खणखणीत.

पडद्याखाली पाहायचा त्याला धीर झाला नाही. पाहिलं तेव्हा उषाची पावलं तिथं नव्हती.

*

तीन दिवस तो कोकिळेच्या दारावरून गेला आणि आत शिरला नाही. चौथ्या दिवशी शिरला. निंबा ओसरीवर तार ओढत होता.

"या मुन्शीजी," निंबा खूश होता. "बराबर केलंत तुम्ही. भावाला जितेपणी मारायला निघाली होती बाई. लोक काय म्हणाले असते? माझा भाऊ आहे तो, येईल एक दिवस."

देवरामला वाटलं, हा तरी मनापासून बोलतोय.

कोकिळा आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्याच्यासमोर ठेवला. कुंकू जिथल्या तिथं होतं.

"वहिनी, जीभ घसरली."

"हो."

"पुढच्या वर्षी नक्की. मी शपथ घेतो. एका वर्षाचा तर सवाल आहे."

"वैशाखात लग्न आहे," ती म्हणाली. "पाणी घ्या."

त्याला वाटलं ती रडेल, ओरडेल. एखादी तरी शिवी दे, असं त्याच्या मनात आलं. ती रिकामा तांब्या उचलून आत गेली. आत उषा काहीतरी निवडत होती. सुपातल्या दाण्यांचा आवाज येत होता आणि मध्येच थांबत होता.

लग्नात देवरामनं धावपळ केली. पंगतीत वाढलं, वऱ्हाडाची गाडी जुंपून दिली. नवरा चाळिशीच्या आसपासचा, सज्जन, बोलताना तोंडावर हात धरणारा. गाडीत बसताना उषा सगळ्यांच्या पाया पडली, देवरामच्याही. तो म्हणाला, "सुखी राहा." ती गाडीत जाऊन बसली.

पुढच्या वसंतपंचमीला यादवचं नाव आलं तेव्हा तो उठलाच नाही. आता हजर म्हणून कोणाचं भलं होणार होतं? कोकिळेच्या बांगड्या तेवढ्या गेल्या असत्या. सुधाकरांनी क्षणभर वाट पाहिली आणि स्वतःच "रजा" लिहिलं.

*

कोकिळा वारली १९३८च्या पावसाळ्यानंतर, विषमज्वरानं. सातवा दिवस उलटला नाही.

तिला हिरवं लुगडं नेसवलं, हिरवा चुडा भरला, ओटी भरली. कपाळ कुंकवानं माखलं. गल्लीतल्या बायका रांगेनं येत, तिच्या पायाला हात लावत आणि तो हात आपल्या कपाळाला लावून घेत. "भाग्याची गं," मालूबाई म्हणाली, "भरल्या कपाळानं गेली. नवरा जवळ नव्हता, पण सवाशीण गेली." दुसरी म्हणाली, "देव असं मरण सगळ्यांना देवो."

देवराम ओसरीच्या खांबाला टेकून ते ऐकत होता. म्हणजे एवढं तरी आपल्यामुळे टिकलं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराला तो धरून राहिला.

तिसऱ्या दिवशी अस्थी तापीला न्यायच्या होत्या. राजघाटावर निंबा पाण्यात उतरला आणि देवराम पायऱ्यांवर थांबला. उषा आईच्या आजारपणातच धूलकोटहून आली होती. कडेवर लहान मुलगी होती. ती येऊन त्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचार, बाळा."

"त्या दिवशी तुम्ही खरंच चुकलात?"

नदी संथ होती. पलीकडच्या काठावर कोणी बैल धूत होतं.

"पहिल्यांदा चुकलो," देवराम म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही. वकिलांनी विचारलं तेव्हा मला हजर म्हणता आलं असतं." आणि मग त्यानं तिला कांद्याचं सांगितलं. बावीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. सांगताना त्याला वाटत होतं की हे फार मोठं आहे, ऐकून ती उठून जाईल. पण इथं घाटावर उघड्या उन्हात ते एवढंसं निघालं, पोरकट.

उषानं मुलीच्या नाकाला पदर लावला. "आईला ठाऊक होतं," ती म्हणाली. "बाबांनी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. हसून लिहिलं होतं, म्हणे. ती म्हणायची, ते बिचारे भितात समुद्राला, त्यात काय."

देवराम पाण्यात उभ्या असलेल्या निंबाकडे पाहू लागला.

"आणि काका, त्या बायका म्हणत होत्या ना, भरल्या कपाळानं गेली. आई आपल्या खोलीत कुंकू लावत नव्हती. त्या वसंतपंचमीपासून कधीच नाही. आत आली की पुसायची. कोणी दारात आलं, खोकलं, की आधी करंडा उघडायची. तुम्ही आलात तरी तसंच. शेवटच्या तापात मी पुसून ठेवलेलं होतं. परवा चुलतीनं भरलं."

खाली निंबानं हाक मारली, "उषे, चल! गाडीची वेळ झाली!"

ती उठली. देवरामला काहीतरी बोलायचं होतं, काहीही, ती पायऱ्या चढून जायच्या आत.

"तू अजून वाचतेस का गं काही?"

उषा वळली. तिला खरंच आठवावं लागलं असं दिसलं. "दुकानात रद्दी येते, काका. पुड्या बांधायच्या आधी वाचून घेते. हे ओरडत नाहीत, चांगले आहेत. पण गिऱ्हाईक आलं की द्यावं लागतं पान."

मुलीला दुसऱ्या कडेवर घेऊन ती वर गेली.

देवराम घाटावर बसून राहिला. दुपार चढली, पायऱ्या तापल्या. शेजारी कपडे धुणाऱ्या बाईनं त्याला विचारलं, "बाबा, उन्हात कोट घालून काय बसलात? तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे," तो म्हणाला. "मला काही झालं नाही."